माणूस कसा हाय ते ऱ्हायलं

त्या खटल्यात मी माझ्या पक्षकारासाठी एक काम फार मन लावून केलं. तो चांगला माणूस आहे असं कोर्टात कोणालाही म्हणू दिलं नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच थांबला. "आणि याची तू फी घेतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेते, कारण हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्या नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बायको पसंत करताना त्याचंच काहीतरी चुकलं असावं.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'परभणी' खरवडून त्यावर 'हिंगोली' रंगवलेलं होतं, आणि दुपारच्या उन्हात बघितलं की खालचं परभणी अजून वाचता यायचं. कोर्टाच्या आवारात वकिलांसाठी पत्र्याची शेड होती, तिच्यात माझं एक टेबल आणि पक्षकारासाठी एक लाकडी बाक. शेडमध्ये बाई मी एकटीच. बरोबरीचे वकील मला ताई म्हणत, पक्षकार बाई म्हणत, आणि समोरच्या बाजूचे पक्षकार काय म्हणत तिकडे मी कधी कान दिला नाही.

माझा हा पक्षकार सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगतच्या एका तांड्यावरचा. चाळिशीचा, उंच, बोलायला कंजूष. थोडी शेती, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या विहिरींतल्या मोटारी वर काढणं आणि दुरुस्त होऊन आल्या की परत सोडणं. मोटार जळाली की आसपासच्या गावांतून त्याला निरोप यायचा. तो दोर खांद्यावर टाकून यायचा, विहिरीत उतरायचा, आणि काम झालं की मुकाट्यानं जायचा. खटल्याच्या सबंध काळात त्यानं मला आपणहून सांगितलेल्या गोष्टी एका पोस्टकार्डावर मावल्या असत्या.

चोरीला गेली होती ती मोटारच. शेजारच्या गावचा एक शेतकरी सकाळी विहिरीवर गेला तर पाइप जागेवर आणि मोटार गायब. त्यानं फिर्याद दिली आणि संशय माझ्या पक्षकारावर घेतला. संशयाचं कारण असं, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, ऐन तरुणपणात, यानं खरोखर एक मोटार चोरली होती. पकडला गेला, सहा महिने तुरुंगात राहून आला. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठेही मोटार गेली की पोलिसांची जीप आधी तांड्यावर यायची. हा त्यांना चहा पाजायचा, त्यांच्याच जीपमधून ठाण्यात जाऊन बसायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचा. दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती. या वेळी मात्र वर्षअखेर आली होती आणि कोणाला तरी धरून दाखवणं गरजेचं होतं, म्हणून त्याला परत पाठवलं नाही.

पुरावा म्हणाल तर दोन गोष्टी. फिर्यादीला अंधारात लांबून एक उंच माणूस दिसला होता. आणि आरोपीच्या घरातून काळ्या केबलचा एक तुकडा जप्त झाला होता. त्या काळी ज्या घरात असा तुकडा नव्हता ते घर मला कोणी दाखवावं. आमच्या घरी त्यावर कपडे वाळत घालायचे. मोटार शेवटपर्यंत सापडली नाही. पण कागदपत्रांत एक वाक्य ठसठशीत होतं: 'आरोपी हा तांड्यावर राहणारा असून सराईत आहे.' तांड्यावर राहणं कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे, ते तिथं लिहायचं राहून गेलं होतं. ते वाक्य वाचून माझं डोकं जे तापलं ते केस संपेपर्यंत काही थंड झालं नाही.

कायदा असा आहे. आरोपीला पूर्वी शिक्षा झाली होती, हे सरकार पक्षानं कोर्टापुढे आणायचं नाही. आजच्या चोरीचा निकाल आजच्या पुराव्यावर. कारण 'जुना चोर आहे' हे एकदा कानावर पडलं की पुढचा पुरावा कोणी तपासत बसत नाही. मला हा कायदा तेव्हाही पटत होता, आजही पटतो. पण त्याला एक शेपूट आहे. आरोपीच्या बाजूनं कोणी जर 'हा चांगला माणूस आहे' असं म्हटलं, तर सरकारी वकिलाला ती जुनी शिक्षा बाहेर काढायची मुभा मिळते. थोडक्यात, तुम्ही गुण गाऊ नका, आम्ही अवगुण काढत नाही. सोयरिकीच्या बैठकीत दोन्हीकडची शहाणी माणसं करतात तसा हा करार.

पहिल्याच तारखेला मी त्या 'सराईत' शब्दावर हरकत घेतली. न्यायाधीश मध्यमवयीन, सावकाश बोलणारे, कोणावर न रागावणारे गृहस्थ होते. त्यांनी ते वाक्य चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आपण ते वाचलं नाही असं ठरवलं. मी समाधानानं घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "वरणात माशी पडली आणि काढून टाकली, तर तुमचे साहेब जेवतील का ते वरण?" मी म्हटलं, कोर्टात तसंच जेवायचं असतं.

फिर्यादीची साक्ष झाली तेव्हा मी त्याला विचारलं, "नवी मोटार बसवली का?"

"बसवली न बाई. हळद वाळून चालली व्हती."

"विहिरीत सोडली कोणी?"

त्यानं आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. माझा पक्षकार तेव्हा जामिनावर बाहेर होता. "ह्यानंच," फिर्यादी म्हणाला.

"ज्यानं तुमची मोटार चोरली म्हणता, त्यालाच नवी मोटार सोडायला बोलावलं?"

"दुसऱ्याला जमत न्हाई. मागं एका जणाला बोलावलं, तं त्यानं मोटार पाइपासगट तळाला सोडली."

न्यायाधीशांनी चष्मा पुसायला काढला. मी म्हटलं, "म्हणजे काम चांगलं करतो." सरकारी वकील अर्धे उठले. ते माझ्यापेक्षा बरेच ज्येष्ठ, मिश्कील, आणि जुन्या शिक्षेची नक्कल पहिल्या दिवसापासून फायलीत तयार ठेवून बसलेले. "ताई, चांगला म्हणालात का?" त्यांनी आशेनं विचारलं. मी म्हटलं, "मी काम म्हणाले, माणूस नाही." ते हसून खाली बसले.

माझा साक्षीदार एकच होता, तांड्याचा नायक. नायक म्हणजे तिथला प्रमुख. भांडणं, दंड, सोयरिकी, सगळं त्याच्या अंगणात चालतं. हा सत्तरीच्या पुढचा, तोंडात दात नाहीत पण बोलणं खणखणीत. चोरीच्या रात्री तांड्यावर देवाचं जेवण होतं आणि स्वयंपाकाला माझा पक्षकार होता. उजाडेपर्यंत तो नायकाच्या अंगणात चुलवणापुढे होता. एवढंच सांगायचं होतं. तारखेच्या आधी मी नायकाला टेबलापाशी बसवून बजावलं, "विचारलं तेवढंच सांगायचं. तो कुठे होता, ते. तो माणूस कसा आहे, त्यावर एक अक्षर नाही."

"चांगल्याला चांगलं म्हणायचं न्हाई?"

"नाही."

"काहून?"

मी त्याला समजावलं, की हे एक दार आहे. आपण चांगला म्हटलं की दार उघडतं आणि जुनी चोरी आत येते.

"दार उघडंच हाय की बाई. समद्या तांड्याला माहीत हाय."

"कोर्टाला माहीत नाही."

"पोलिसाला माहीत हाय, सरकारच्या वकिलाला माहीत हाय, तुमाला माहीत हाय." त्यानं थोडा विचार केला. "म्हणजे ज्याला निकाल द्यायचा हाय, त्याला सोडून समद्याला माहीत हाय."

मी म्हटलं, कायदा अगदी असाच आहे. त्यानं काठी उचलली आणि "तुमी शिकलेल्या हात" असं म्हणून तो गेला. आमच्याकडे हे वाक्य कौतुकानं म्हणत नाहीत.

साक्षीच्या दिवशी लाइट गेलेली होती. कोर्टात पंखा थांबलेला, आणि काळ्या कोटात मी उकडून निघत होते. मागच्या बाकावर लाल पागोटं बांधलेला एक पोक्त माणूस बसला होता. दुसऱ्या कुठल्या केसचा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. नायकानं शपथ घेतली. मी विचारलं त्या रात्री आरोपी कुठे होता, त्यानं सांगितलं. किती वाजेपर्यंत, तेही सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. न्यायाधीश सांगत होते, टायपिस्ट टाइप करत होता. मला त्या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. मी म्हटलं, "आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसले.

नायक साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हलला नाही. "एक ऱ्हायलं, साहेब," तो म्हणाला.

"काय राहिलं?"

"माणूस कसा हाय ते ऱ्हायलं. माणूस चांगला हाय."

टायपिस्टचे हात आपोआप चालू झाले होते, न्यायाधीशांनी बोट वर करून ते थांबवले. सरकारी वकील खुर्चीत असे सरळ बसले, जशी हॉटेलात जिलबी मागवलेली माणसं ताट येताना दिसल्यावर बसतात. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्यावर उपकार करत होते, हे मला कळत होतं. "वकीलबाई, हा माणूस चांगला आहे, असं तुमचा साक्षीदार म्हणतोय. हे लिहून घ्यायचं का?"

"नाही सर," मी लगेच म्हटलं. "मी विचारलेलं नाही. ते घेऊ नये."

"लिवा साहेब."

हा आवाज आरोपीच्या पिंजऱ्यातून आला होता. खटला सुरू झाल्यापासून तिथून आवाज असा आलाच नव्हता, त्यामुळे तो कोणाचा हे समजायला सगळ्यांनाच क्षणभर वेळ लागला. माझा पक्षकार हात जोडून उभा होता. "आरोपीनं मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले. मग घड्याळाकडे बघून त्यांनी चहाची सुट्टी नेहमीपेक्षा लवकर जाहीर केली आणि मला म्हणाले, "पक्षकाराशी बोलून घ्या."

व्हरांड्यात पाण्याच्या माठापाशी मी त्याला गाठलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. केस हातात होती, सुटका समोर दिसत होती, आणि हा गृहस्थ आपल्या हातानं दार उघडून देत होता. तो माझं सगळं ऐकून घेत उभा राहिला. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाला, "मागं लाल पागोट्यावाला बसला हाय न बाई, त्यो व्याही हाय, लांबच्या तांड्यावरचा. माझ्या पोरीला मागणं घातलंय. अजून गूळ खाल्ला न्हाई."

त्यांच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की होते, हे मला माहीत होतं. "मग?"

"त्यो ऐकाया आलाय. आमच्यात नायक उभा ऱ्हायला, आन चांगला म्हणल्याबिगर खाली बसला, तर ते वाईट म्हणल्यावाणीच असतंय."

दोन मिनिटांपूर्वी आत जे झालं ते मी दुसऱ्या बाजूनं बघत होते. मग मला आठवलं. "त्याला जुनं माहीत आहे?"

"न्हाई."

"अहो मग तर बोलूच नये! नायकाचं बोलणं लिहून घेतलं की सरकारी वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. व्याह्याच्या समोर."

"इचारू द्या."

"सोयरीक मोडेल."

"मोडली तर आत्ता मोडंल." तो माठावरच्या झाकणाकडे बघत होता. "लगीन झाल्यावर कुनी सांगितलं, तर लेकरू परत यील. परत आलेल्या पोरीला काय तकलीफ असती, ते म्या बघितलंय. माझी बहीण आली व्हती."

एवढं सलग तो कधीच बोलला नव्हता. मी कोरड्या आवाजात त्याला कायद्याची बाजू सांगितली, की जुनं बाहेर आलं आणि न्यायाधीशांचं मन फिरलं तर शिक्षा होऊ शकते, आणि या वेळी ती सहा महिन्यांची नसेल. चांगली दोन-तीन वर्षं जाऊ शकतील.

"व्हय," तो म्हणाला. बाजारात कडब्याचा भाव ऐकून माणूस म्हणतो तसं. "लिवू द्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला अजिबात नको होतं. पुढच्या प्रश्नांची तयारी करायची सोडून मी त्या माठातलं दोन पेले पाणी प्यायले, जे मी एरवी कधी पीत नसे.

आत गेल्यावर मी उभी राहिले. "साक्षीदाराचं ते विधान घ्यावं, सर." न्यायाधीशांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं, "आरोपीची वर्तणूक चांगली आहे."

"वर्तणूक न्हाई साहेब," नायक म्हणाला. "वर्तणूक म्या काय रोज बघाया जातो? माणूस. माणूस चांगला हाय, असं लिवा."

न्यायाधीशांनी ओळ खोडायला लावली आणि पुन्हा सांगितली. "आरोपी हा माणूस चांगला आहे."

सरकारी वकील उठले. एरवी त्यांची उलटतपासणी म्हणजे आम्हां सगळ्यांची करमणूक असे, पण त्या दिवशी मला त्यांच्या कोटाची बटणंसुद्धा सहन होत नव्हती. "आरोपीला यापूर्वी शिक्षा झाली होती, हे खरं आहे?"

"खरं हाय."

"कशाबद्दल?"

"मोटार चोरली व्हती."

इथं ते थांबते तर त्यांचं काम झालं होतं. पण जिलबी पुढ्यात आल्यावर एक खाऊन कोणी उठत नाही. "आणि तरी तुम्ही त्याला चांगला म्हणता? त्या चोरीची तुम्हाला नीट माहिती दिसत नाही."

"मला न्हाई तर कुनाला?" नायकानं दोन्ही हात पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवले. "म्याच त्याला धरून ठाण्यात नेला. ह्याच पिंजऱ्यात उभं ऱ्हाऊन म्याच सांगितलं, साहेब, हा चोर हाय. तवा माझं बराबर मानलं आन त्याला सा महिने आत धाडलं. पिंजरा त्योच, माणूस त्योच, सांगणारा बी मीच. तवाचं माझं खरं, मग आताचं खोटं काहून?"

सरकारी वकिलांनी फायलीतली ती नक्कल एकदा उलटी आणि एकदा सुलटी केली. "आणखी प्रश्न नाहीत," ते म्हणाले. न्यायाधीशांनी नायकाचं सगळं उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं, 'काहून'सकट.

मी मागं पाहिलं. लाल पागोट्यावाला उठला होता. त्यानं पागोटं सारखं केलं, आणि नायकाला नाही, पक्षकाराला नाही, कोणालाच रामराम न करता तो निघून गेला. माझा पक्षकार पिंजऱ्यातून त्याच्या पाठीकडे बघत होता. त्या पोरीला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्या क्षणी तुरुंगापेक्षा मला तिचीच काळजी वाटली.

निकाल काही आठवड्यांनी लागला. पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता. अंधारातला उंच माणूस कोणीही असू शकतो आणि केबलचा तुकडा कुठलाही असू शकतो, असं न्यायाधीशांनी नीट लिहिलं होतं. जुन्या शिक्षेबद्दल आणि नायकाच्या प्रशस्तीबद्दल एकच वाक्य होतं: 'सदर बाबी विचारात घेण्याची या न्यायालयास आवश्यकता वाटत नाही.' म्हणजे चांगलंही बाजूला ठेवलं आणि वाईटही. कायद्यानं पाहिलं तर उत्तम निकाल होता. शेडमधल्या वकिलांनी माझं अभिनंदन केलं.

नायक आणि माझा पक्षकार माझ्या टेबलाशी आले. "चांगला हाय असं लिवलं का?" नायकानं विचारलं.

"नाही."

"वाईट हाय असं?"

"तसंही नाही."

"मग येवढ्या पानांवर काय लिवलं?"

"चोरी सिद्ध झाली नाही, असं."

"ते तर आमाला आधीपासून माहीत व्हतं," नायक म्हणाला. पक्षकार नुसता उभा होता. व्याह्याचा काही निरोप आला का, हे मी त्याला विचारलं नाही. आला असता तर चेहऱ्यावर दिसला असता. जामिनाच्या कागदाचं काही राहिलं होतं म्हणून ते दोघं कचेरीकडे गेले.

ते गेले आणि समोरच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं. लाल पागोटं. मी निकालाची प्रत मिटली.

"सुटला, कळलं," तो म्हणाला.

"सुटला."

"ते बरं झालं." सुटका हा त्याचा विषय नव्हता, हे आवाजावरूनच समजत होतं. "तुमालाच एक इचारायचं व्हतं. म्हाताऱ्यानं चोरीचं सांगितलं, ते म्या ऐकलं. जवानीत माणूस चुकतंय. माझ्या घरात बी एक चुकलेला हाय. आन त्यानं माझ्या म्होरं सांगू दिलं, लपवलं न्हाई. त्याचं काई न्हाई."

"मग अडलंय कुठं?"

"तुमच्यापशी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"साहेबानं तुमाला इचारलं," तो म्हणाला, "माणूस चांगला हाय, हे लिवायचं का. तुमी न्हाई म्हणल्या. म्या मागं बसून माझ्या कानानं ऐकलं. नंतर लिवा म्हणल्या, पण बाहीर जाऊन आल्यावर म्हणल्या. दुसऱ्या कुनी न्हाई म्हणलं असतं तर म्या कान दिला नसता. पण तुमी त्याच्या वकील. त्याचे समदे कागद वाचलेल्या. त्या दिवसापासून म्या घरी इचार करून राहिलो. त्याच्या वकीलबाईला असं काय माहीत हाय?"

इतके आठवडे आम्ही सगळे त्या जुन्या मोटारीला दोष देत होतो. त्या खटल्यात माझ्या पक्षकाराला खरोखर बाधलेला शब्द एकच होता, आणि तो मी उच्चारला होता, अतिशय योग्य कारणासाठी, योग्य वेळी. आजही तशी वेळ आली तर तोच उच्चारीन.

माझ्याकडे उत्तर होतं. कायदा, दार, शेपूट, सगळं मी त्याला समजावलं. बसस्टँडवर कर्ण्यातून गाड्यांची नावं पुकारतात तेव्हा लोक आपल्या गावाचं नाव येईपर्यंत जसे मान हलवत उभे राहतात, तसं त्यानं ते ऐकलं. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे चांगला हाय का न्हाई?"

मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचा संताप आला. मी त्याला व्हरांड्यातलं बोलणं सांगितलं. की मी पक्षकाराला म्हटलं होतं, बोललं तर तुरुंगात जाल. की तो म्हणाला होता, जाईन, पण व्याह्याला हे लग्नानंतर कळायला नको. बहिणीचंही सांगितलं. पक्षकाराचं बोलणं वकिलानं बाहेर सांगायचं नसतं, तो नियमही मला पाठ होता.

तो उठून गेला. मी फाइल बांधायला घेतली. दोरीची गाठ मारेपर्यंत तो परत आला. हातात वाण्याच्या दुकानातली कागदाची पुडी होती, आणि मागे नायक आणि माझा पक्षकार. दोघांनाही त्यानं काही सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण पक्षकार माझ्याकडे असा बघत होता, जणू नवी तारीख लागली असावी.

व्याह्यानं पुडी माझ्या टेबलावर, त्याच फायलीवर उघडली. गुळाचा खडा होता. त्यानं तो टेबलाच्या कडेवर आपटून फोडला.

"गूळ साक्षीदाराम्होरं खावा लागतो," तो म्हणाला. "आन म्या एकट्यानं ऐकलेलं चालत न्हाई. समद्याम्होरं सांगावं लागतं."

"साक्षीदार कोण?" मी विचारलं.

नायकाला सगळं एकदम समजलं. त्यानं काठी बाकाला टेकवून ठेवली आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला. शेडमधले वकील आमच्याकडे वळून बघायला लागले. सरकारी वकील त्यांच्यात होतेच, हातात चहाचा ग्लास घेऊन.

"सांगा बाई," नायक म्हणाला, "माणूस कसा हाय?"

साक्ष बसून देत नाहीत. मी खुर्ची मागं सारली, काळा कोट नीट केला आणि उभी राहिले.

"माणूस चांगला आहे," मी म्हटलं.

नायकानं गुळाचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.